उत्तम शुक्रवारचा डबा

हिंगणखुर्दात मनुबाईची चूक काढायची म्हणजे माणसानं आधी घरच्यांचा निरोप घेऊन निघावं, असं लोक गमतीनं म्हणत. बाई वाईट नव्हती हो. पण साताऱ्याच्या दवाखान्यात तीस वर्षं आयाची नोकरी केलेली. तिथं भल्या भल्या डॉक्टरांना ‘आधी हात धुवा’ म्हणून माघारी धाडलेलं. ती सवय रिटायर झाल्यावर जाते का? गावी आली ती तशीच, करडा आवाज आणि ताठ मान घेऊन. वय चौसष्ट, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, अंगानं काटक. ती बोलायला लागली की समोरच्यानं फक्त ‘व्हय’ म्हणायचं.

गाव रहिमतपूरपासून सात किलोमीटरवर. ऊसवाल्यांचं, फौजेत पोरं धाडणाऱ्यांचं. त्यात ख्रिस्ती घरं मोजून चाळीस आणि देवळं तीन. हसू नका, खरंच तीन! पहिलं दगडी, मिशनच्या काळातलं, घंटा असलेलं. दुसरं पत्र्याचं, टाळ्या वाजवून गाणाऱ्यांचं. तिसरं स्लॅबचं, ढोल आणि निशाणवाल्यांचं. दगडीवाले बाप्तिस्म्याला डोक्यावर पाणी शिंपडत. पत्र्याचे माणसाला नदीत पार बुडवून काढत. स्लॅबवाले पाण्याच्या वाटेलाच जात नसत. या पाण्यावरून तीस वर्षं तिन्ही मंडळ्यांचं एकमेकांत उठणं-बसणं नव्हतं. एकमेकांच्या लग्नाला जायचे, पोटभर जेवायचे, आणि प्रार्थना सुरू झाली की चपला शोधायचे.

ते मिटवलं मनुबाईनं. म्हणजे देवानं मिटवलं असं पाळक सांगतात, पण देवाला हाताशी मनुबाईच मिळाली.

झालं असं. गेल्या वर्षीच्या वैशाखात वरच्या आळीतली शेवंता म्हातारी घरात एकटीच गेली. दूधवाल्याला दुसऱ्या दिवशी कळलं. पोरं पुण्यात, सुना पुण्यात. फोन यायचा, ‘आई, जेवलीस का?’ म्हणून विचारणा व्हायची, म्हातारी ‘व्हय’ म्हणायची. घरात पीठ नव्हतं असं नाही. एकटीसाठी भाकरी थापायचा कंटाळा. मातीला तिन्ही देवळांचे पाळक आले होते. सगळं आटोपलं तशी मनुबाईनं तिघांना एस.टी.च्या शेडमध्ये गाठलं.

‘‘पाणी शिंपडायचं का बुडवायचं ते देव बघून घील,’’ ती म्हणाली. ‘‘गावात किती म्हातारी माणसं एकटी जेवत्यात, मोजली का कुणी? का ते बी मीच मोजू?’’

‘‘मनुबाई, एका मंडळीच्यानं किती होणार?’’ दगडी देवळाचे लोखंडे पाळक म्हणाले. भला माणूस, पण बोलायला लागला की दोन वाक्यांच्या मधे आपला चहा पिऊन होई.

‘‘एकीच्यानं न्हाई व्हायचं. तिघींच्यानं हुईल की.’’

ख्रिस्ती बायकांची एक जुनी रीत आहे. स्वैपाकाला धान्य काढलं की त्यातलं मूठभर बाजूला मडक्यात टाकायचं आणि रविवारी देवळात न्यायचं. त्याला नावच मूठ. तिन्ही देवळांत मूठ यायची, आणि तिन्हीकडे ती इतकी थोडी असायची की तिचं काही व्हायचं नाही. मनुबाईनं तिन्ही देवळांची मूठ एका पिपात ओतली. ज्वारी, तांदूळ, डाळ वेगवेगळी करून घेतली, स्लॅबच्या देवळामागच्या खोलीत शेगडी मांडली आणि बायकांच्या पाळ्या लावल्या. सोमवार-मंगळवार दगडी, बुधवार-गुरुवार पत्रा, शुक्रवार-शनिवार स्लॅब, रविवार आळीपाळीनं. वही तिच्याच हातात. बारा म्हणजे बाराच्या आत सत्तावीस डबे सत्तावीस घरांत पोचायचे. पोचवायचा दस्तगीर, आपल्या तीनचाकी टेंपोतून. त्याची चुलती मेहरुनबीही त्या सत्तावीसांतलीच. डब्यातली अर्धी भाकरी म्हातारी माणसं रात्रीला ठेवायची. असं दोन्ही वेळचं भागायचं.

सुरवातीला गावात कुजबुज झालीच. ‘डबा देऊन बाटवत्यात’ वगैरे. मनुबाईच्या कानावर ते गेलं तशी तिनं तिन्ही पाळकांना बजावलं, ‘‘डब्यात भाकरी, भाजी, आमटी. कागुद न्हाई, प्रार्थना न्हाई, कायसुदीक न्हाई.’’ आणि ग्रामसभेत कुणी तरी विषय काढलाच, तेव्हा सयाजीआबा जाधव काठी टेकत उभे राहिले. आबा रिटायर हवालदार, वय ऐंशीला टेकलेलं, बायको गेलेली, दोन्ही पोरं फौजेत, एक तिकडं आसामात आणि एक राजस्थानात. शेत वाट्यानं दिलेलं. ते म्हणाले, ‘‘दोन महिने झालं, मी डबा खातोय. अजून माझं काय बाटलं न्हाई. दोन किलो वजान तेवढं वाढलंय.’’ सभा हसली आणि तो विषय तिथंच मिटला.

या आबांना साखरेचा आजार. दोन्ही जेवणांआधी सुई टोचून घ्यावी लागायची, तीही स्वतःच्या हातानं. डॉक्टरनं सांगितलेलं, सुई टोचली की अर्ध्या तासाच्या आत पोटात अन्न गेलंच पाहिजे, नाहीतर साखर एकदम उतरेल. म्हणून आबा पावणेबाराला सुई टोचायचे. बाराला दस्तगीरचा भोंगा वाजायचा. फौजेतला माणूस, वेळ म्हणजे वेळ.

अकरा महिने हे असं चाललं. एक दिवस खाडा नाही. मग मार्चअखेरीला लोखंडे पाळकांनी एक गोष्ट काढली, जी त्या गावात कधीच झाली नव्हती. उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना तिन्ही मंडळ्यांनी मिळून करायची. दगडी देवळात, कारण तेच मोठं. बारा ते तीन. येशूनं क्रुसावरून काढलेले सात उद्गार तिघा पाळकांनी वाटून घ्यायचे. लोकांना आनंद झाला, बायकांनी तर आठवडाभर आधीपासून पांढऱ्या साड्या धुऊन ठेवल्या. मनुबाई वही घेऊन बसली. उपासनेला सगळ्या बायका हव्यात, कुणाचीच पाळी नको. आणि उत्तम शुक्रवारी ख्रिस्ती घरात चूल पेटतच नाही. तीन वाजेपर्यंत सगळ्यांचा कडक उपास. हे मनुबाई रांगायला लागल्यापासून बघत आली होती. तिनं पेन्सिलीनं शुक्रवारच्या पुढं लिहिलं, ‘उपास. चूल बंद.’ लिहिलं आणि वही मिटली.

बघा आता. सत्तावीस माणसांत ख्रिस्ती होती चार. पण हात लिहून गेला.

गुरुवारी डबे उतरवून दस्तगीर आला. म्हणाला, ‘‘आक्का, पाळीवरची राणी म्हणत हुती, उद्या डबा न्हाई. पक्कं का?’’

‘‘उद्या आमचा उत्तम शुक्रवार हाय. उपास असतो. तुला म्हाईत न्हाई व्हय?’’

‘‘म्हाईत हाय की. पर म्हातारी माणसं...’’

‘‘दस्तगीर, अकरा महिने वही मी बघतीय का तू?’’

दस्तगीरला वाटलं, आक्कानं काही तरी सोय लावली असेल. तो गप टेंपो घेऊन गेला.

शुक्रवारी उन्हाचा तडाखा होता. दगडी देऊळ मात्र गच्च भरलेलं. पत्र्याचे डावीकडं, स्लॅबवाले उजवीकडं, ढोल बाहेर ठेवलेला. बाराला आकारामनं घंटा दिली. आकाराम म्हणजे दगडी देवळाचा पंच आणि मनुबाईचा धाकटा दीर. शिस्तीत वहिनीच्या वरताण. उपासना चालू असताना कुणी खोकलं तरी हा मान वळवून बघायचा. पहिला उद्गार लोखंडे पाळकांनी घेतला, दुसरा स्लॅबच्या पाळक संयोगिताबाईंनी. मनुबाई पुढच्याच बाकावर बसली होती. तिन्ही मंडळ्या एका सुरात गाताना ऐकून तिचा ऊर भरून आला होता, आणि खरं सांगायचं तर थोडा फुगलाही होता. हे मी जमवलं, असं तिला वाटत होतं. का वाटू नये?

पाऊण वाजत आला तेव्हा तिसऱ्या उद्गाराला पत्र्याच्या देवळाचा जयराज पाळक उभा राहिला. पोरगा तिशीचा, पण बोलायचा घरातल्यासारखं. तिसरा उद्गार आईविषयीचा. जयराज म्हणाला, ‘‘स्वतःचा जीव चाललाय, हातापायात खिळे हायत, आणि त्या घडीला त्यानं काय बघितलं? आपल्या आईचं कसं हुणार, ते बघितलं. ती म्हातारी कुणाच्या घरात ऱ्हाणार, तिला ताट कोण वाढणार...’’

ताट हा शब्द ऐकला आणि मनुबाई मनातल्या मनात मोजू लागली.

सत्तावीस ताटं. आज कोण वाढणार होतं ती? तिनं वहीतलं पान डोळ्यांसमोर आणलं. ‘चूल बंद.’ तिच्याच अक्षरात. मेहरुनबी, वरच्या आळीतली दोघं, चावडीमागचा आंधळा तुकारामबापू... आणि मग तिला आबा आठवले. पावणेबारा. आबांनी पावणेबाराला सुई टोचली असणार! शेजारी मागायला जाणारा तो माणूस नव्हे. भोंग्याची वाट बघत बसणार. एक तास झाला होता. साखर उतरलेली माणसं तिनं दवाखान्यात डझनांनी बघितली होती. घामानं थबथबलेली, बरळणारी, आणि त्यातली काही पुन्हा न बोललेली.

मनुबाई उभी राहिली.

जयराज थांबला. आकाराम मागून दबक्या आवाजात म्हणाला, ‘‘वहिनी, खाली बसा. उपासना चालू हाय.’’

‘‘भावजी, तुमी बसा,’’ ती म्हणाली आणि लोकांकडं वळली. आवाज नेहमीचा करडा. ‘‘ऐका सगळी. आज गावात डबा गेला न्हाई. सत्तावीस माणसं उपाशी हायत. उपास आपला हाय, त्यांचा न्हाई. वहीत चूल बंद म्हणून मी लिवलं. दस्तगीरनं इचारलं तर त्यालाच दम दिला. चूक माझी हाय, दुसऱ्या कुणाची न्हाई. सयाजीआबांनी सुई टोचली असंल. मी चाललीय.’’

इतक्या वर्षांत मनुबाईच्या तोंडून ‘चूक माझी’ हे दोन शब्द कुणी ऐकले नव्हते. माणसं बघतच राहिली. ती मात्र पदर खोचून दारातून बाहेरसुद्धा पडली होती.

उन्हात चप्पल घालायचं भान नव्हतं. रस्त्याच्या कडेला दस्तगीर टेंपो पुसत होता. जुम्म्याच्या नमाजाला जायचं म्हणून अंघोळ करून, नवी टोपी घालून तयार. तिनं टेंपोत बसूनच सांगितलं, ‘‘आबांच्या घराकडं. पळीव!’’ त्यानं टेंपो चालू केला आणि वाटेत एवढंच म्हणाला, ‘‘आक्का, मी म्हटलं हुतं.’’

‘‘व्हय रं बाबा. म्हटलं हुतंस.’’

आबा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. अंगातली बंडी भिजून अंगाला चिकटलेली, ओठ पांढरे, नजर भलतीकडंच. समोर धुऊन ठेवलेलं रिकामं ताट. तिची चाहूल लागताच त्यांनी काठी उगारली.

‘‘थम! कौन आता है?’’

‘‘आबा, मी मनुबाई.’’

‘‘पासवर्ड बोल!’’

तिला रडू फुटणार होतं, पण रडायला वेळ कुठला? या घराच्या ओसरीपुढं ती कधी गेली नव्हती. तिच्या सासूला तर जातीपायी जाधवांच्या अंगणातूनच माघारी फिरावं लागायचं. मनुबाई सरळ आत घुसली, स्वैपाकघरात फळीवरचे डबे धडाधडा उघडले. साखरेच्या आजाराच्या माणसाच्या घरात साखर कुठली! देवळीत पाहुण्यांसाठी ठेवलेली गुळाची ढेप सापडली. वरवंट्यानं ठेचली, पाण्यात कालवली, पेला घेऊन बाहेर आली. दस्तगीरनं आबांना पाठीमागून धरून ताठ बसवलं. आबांनी त्याच्या हाताला जोरात हिसडा दिला. मनुबाईनं त्यांची हनुवटी धरली.

‘‘हवालदार जाधव!’’ ती अशी कडाडली की दस्तगीरही दचकला. ‘‘हुकूम हाय. पाणी प्या.’’

आणि आबा प्याले! घोट-घोट करत अर्धा पेला गेला. थोडं अंगावर सांडलं. तिनं बोटावर ओला गूळ घेऊन त्यांच्या गालाच्या आत चोळला, पुन्हा पाणी पाजलं, पुन्हा गूळ. मनात एकच चाललं होतं, देवा, माझ्या चुकीपायी हा माणूस नेऊ नको. मला काय शिक्षा द्यायची ती दे. दहा मिनिटं गेली. ती दहा मिनिटं तिला त्या तीस वर्षांच्या नोकरीपेक्षा मोठी वाटली. मग आबांच्या कपाळावरचा घाम हळूहळू थांबला, डोळे जागेवर आले. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग दस्तगीरकडं, मग स्वतःच्या भिजलेल्या बंडीकडं.

‘‘बारा वाजलं का?’’ त्यांनी विचारलं.

‘‘सव्वा वाजला, आबा.’’

‘‘मग डबा?’’

मनुबाईनं तोंडात पदर कोंबला आणि ती तिथंच खाली बसून रडली.

इकडं देवळात काय झालं, ते तिला नंतर राणीनं हातवारे करकरून सांगितलं. मनुबाई बाहेर पडली तशी बायकांतून राणी उठली, तिच्यामागं आणखी चार. आकाराम दारात आडवा झाला. म्हणाला, ‘‘सात उद्गार झाल्याबिगर कुणी जायचं न्हाई. माझ्या आज्यानं हे मोडलं न्हाई, बानं मोडलं न्हाई. आणि उत्तम शुक्रवारी चूल पेटवायची? आपल्याच हातानं?’’ लोकही घुटमळले. हा पोरखेळ नव्हता. त्या दिवशी चूल पेटवायची म्हणजे कित्येकांना मयताच्या घरात रडण्याऐवजी वाजंत्री लावल्यासारखं वाटत होतं.

उत्तर दिलं ते लोखंडे पाळकांनी. त्या दिवशी त्यांच्या दोन वाक्यांत चहाला जागाच नव्हती.

‘‘आकाराम, तिसरा उद्गार आता कानांनी ऐकलास ना? मग दार सोड. स्लॅबमागच्या शेगडीवर सत्तावीस डबे व्हायला तीन वाजतील. आपली घरं चाळीस आहेत. ज्याच्या घराशेजारी जो म्हातारा राहतो, त्याचा डबा त्या घरानं करायचा. शिंपडणारे, बुडवणारे, ढोलवाले, सगळ्यांनी. अर्ध्या तासात पिठलं-भाकरी होते. उरलेले चार उद्गार आपण मग घेऊ, ते काही पळून जात नाहीत.’’

आकाराम दारातून बाजूला झाला. पण काय झाला माहिती आहे का? तो नुसता बाजूला झाला नाही, सगळ्यांच्या आधी घराकडं धावला. शिस्तीचा माणूस, हुकूम मिळाला की पहिला.

आणि हिंगणखुर्दात उत्तम शुक्रवारी भर दुपारी, उपाशी पोटानं, सबंध ख्रिस्ती आळीत भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला. पांढऱ्या साड्यांवर पीठ उडालं. तोंडाला पाणी सुटत होतं आणि एकीनंही चव बघितली नाही. मीठ अंदाजानं टाकलं. काही पिठलं खारट झालं, काही अळणी. पावणेदोनला डबे निघाले. पाळक, पंच, ढोलवाले, ज्याला जो सापडला तो घेऊन निघाला. मेहरुनबीचा डबा खुद्द लोखंडे पाळकांनी नेला. ती म्हणाली, ‘‘आज तुमचा रोजा म्हणून मी बी गप बसले हुते. भुकेनं जीव कासावीस झाला, पर म्हटलं, आपल्यापायी त्यांचा रोजा कशाला मोडायचा?’’ पाळक तिच्या उंबऱ्यावर डोकं धरून बसले, आणि शेवटी तिनंच त्यांना पाणी विचारलं.

आबांचा डबा घेऊन आला आकाराम. ओसरीवर मनुबाई रडून सुजलेल्या डोळ्यांनी बसलेली. त्यानं डबा खाली ठेवला, वहिनीकडं बघितलं, आणि वाकून तिच्या पाया पडला.

संध्याकाळी चारला राहिलेले चार उद्गार झाले. पाठोपाठ उपास सुटला. मनुबाई मात्र देवळात नव्हती. ती आबांपाशीच बसून होती. रहिमतपूरचे डॉक्टर येऊन बघून गेले, आबांची साखर ठीक आहे म्हणाले, आणि ‘वेळेवर गूळ दिला म्हणून वाचले’ असंही म्हणाले. मनुबाईनं ते मानलं नाही.

‘‘आबा,’’ ती म्हणाली, ‘‘उद्यापास्नं डबा हातात पडल्याबिगर सुई टोचायची न्हाई. आमी काय, माणसंच. चुकतो.’’

‘‘मी पावणेबारालाच टोचणार.’’

‘‘आन् डबा चुकला तर?’’

आबांनी तिच्याकडं रोखून बघितलं. ‘‘फौजेत एकदा रसद चुकली म्हणून रसदवाल्यावरचा इस्वास कुणी काढत न्हाई. मग लढायचं कुणाच्या जिवावर? अकरा महिने तुमी पोचलाय. मी पावणेबारालाच टोचणार. बाकी तू बघ.’’

‘‘आबा, हट्टीपणा करू नगा.’’

‘‘हट्टी कोण, ते गावाला म्हाईत हाय.’’

यावर मनुबाई नुसतं ‘व्हय’ म्हणाली आणि घराकडं निघाली.

पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या तिला दुसरीच गोष्ट टोचत राहिली. अकरा महिने डबा बाराला पोचत होता, ते खरं. दस्तगीर भोंगा वाजवायचा, ओसरीवर डबा ठेवायचा, रिकामा उचलायचा, पुढं जायचा. सत्तावीस घरं गाठायची, त्याला तरी उभं राहायला कुठं वेळ? शेवंता म्हातारी काही पीठ नव्हतं म्हणून गेली नव्हती. आणि आबा तासभर घामात भिजत, बरळत बसले होते, तेव्हा बघायलाही तिथं कुणी नव्हतं. आपण भाकरी पोचवली, आणि सगळं पोचवलं असं समजून वही मिटली.

शनिवारी स्लॅबची पाळी. मनुबाईनं पहिला डबा भरून घेतला, बायकांना सांगितलं, ‘‘हा मी नेती,’’ आणि चालत निघाली. तिन्ही पाळकांना तिनं सकाळीच बजावलं होतं: आजपासून प्रत्येक डब्यामागं एक माणूस, तिन्ही देवळांतून, आणि डबा ठेवून पळायचं नाही. पाळक ‘व्हय’ म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

अकरा चाळीसला ती जाधवांच्या घरात पोचली. आबा आत स्वैपाकघरातच बसले होते, समोर ताट, हातात सुई.

‘‘अजून पाच मिनिटं हायत,’’ घड्याळाकडं बघत आबा म्हणाले.

‘‘असू द्या.’’ तिनं डबा उघडला, ताटात भाकरी वाढली, वांग्याची भाजी वाढली, वाटीत आमटी ओतली, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवलं. ‘‘हं. आता टोचा.’’

आबांनी पावणेबाराला सुई टोचली. मग ताटाकडं बघत म्हणाले, ‘‘आता पंधरा मिनिटं काय करायचं?’’

‘‘बोलायचं,’’ मनुबाई म्हणाली.

आबा जरा गोंधळले. मग त्यांनी भरतीचा दिवस सांगायला घेतला; साताऱ्याच्या मैदानावर अनवाणी पळाले तो. मग बेळगावचं ट्रेनिंग, मग पहिली पोस्टिंग, मग बर्फात पाय गमावलेला जोडीदार. आवाज चढत गेला, हात फिरायला लागले. बायको गेल्यापासून या घरात इतकं बोलणं झालं नसावं.

‘‘आबा, बारा वाजलं. आधी जेवा, मग बोला.’’

आबांनी भाकरी मोडली. पहिला घास तोंडात घातला आणि मनुबाई रिकामा डबा आवरतेय असं वाटून त्यांचा हात ताटातच थांबला.

‘‘तू कुठं चाललीस? अजून एकाहत्तरची लढाई यायची हाय.’’

‘‘कुठं न्हाई,’’ मनुबाई म्हणाली, आणि त्यांच्या ताटासमोर मांडी घालून बसली. ‘‘सांगा.’’